झिजलेला एलएसडी गप्प असतो

जुनी स्पोर्ट्‌स कार हौसेने सांभाळणाऱ्या मित्रांचे फोन मला बहुधा रविवारी संध्याकाळी येतात. शनिवारी गाडी बाहेर काढलेली असते, डोंगराच्या वळणांवरून फिरवून आणलेली असते, आणि फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मागून घरघर येतेय रे, एलएसडी गेला वाटतं." मी उलट एकच प्रश्न विचारतो. वळणातून बाहेर पडताना जोर दिला की आतलं चाक रिकामं फिरतं का? "नाही, तसं काही नाही. पण आवाज..." मग एलएसडी बहुतेक शाबूत आहे, आणि दुखणं दुसरीकडे आहे.

एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल. तो झिजतो तेव्हा हळूहळू साध्या डिफरेन्शियलसारखा वागायला लागतो, आणि साधा डिफरेन्शियल आपलं काम मुकाट्याने करत असतो. त्यामुळे झिजलेल्या एलएसडीचा पत्ता कानाला लागत नाही. त्याला मोजावं लागतं. हा लेख त्या मोजण्याबद्दल आहे.

मी दक्षिण जर्मनीत राहतो आणि माझ्याकडे बीएमडब्ल्यूच्या ई 30 पिढीतली 325 आय आहे. पुढचं बरंचसं विवेचन त्या गाडीला धरून आहे, कारण तिच्याखाली मी सर्वांत जास्त वेळ आडवा झालो आहे. तुमच्याकडे त्या काळातली पोर्शे 911 असो किंवा 944, क्लच-प्लेटचा एलएसडी असेल तर तत्त्व तेच. माझदा एमएक्स-5 असेल तर थोडं वेगळं. त्याकडे मी नंतर येतो.

आधी आत काय चालतं ते बघू. लेझीमची रांग वळते तेव्हा आतल्या टोकाचा गडी जवळजवळ जागेवरच पावलं टाकतो आणि बाहेरच्या टोकाचा धावतो. गाडीच्या मागच्या दोन चाकांचं तेच होतं. चाकांमधलं अंतर सुमारे 1.4 मीटर धरलं, तर एका पूर्ण गोल वळशात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळपास 8.8 मीटर जास्त धावतं. ही मुभा डिफरेन्शियल देतो. पण त्याची एक अडचण आहे: तो दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क देतो. वळणात आतलं चाक हलकं झालं, त्याची पकड सुटली, की ते जेवढा टॉर्क पेलू शकतं तेवढाच बाहेरच्या चाकाला मिळतो. बाहेरचं चाक रस्त्याला घट्ट धरून उभं, आणि इंजिनाची सगळी ताकद आतल्या चाकाच्या धुरात. 1930 च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसिंग गाड्या याच कारणाने हैराण होत्या. त्यांच्यासाठी झेडएफ कंपनीने यावर उतारा काढला, आणि आपल्या गाड्यांमधला क्लच-प्लेटचा एलएसडी त्याच घराण्यातला.

त्याची रचना अशी. डिफरेन्शियलच्या आतल्या दोन साइड गिअरांच्या बाजूला पातळ प्लेट्सची चळत असते. एक प्लेट गिअरच्या लांबट खाचांत बसलेली, पुढची तिच्या कानांनी बाहेरच्या डब्यात अडकलेली, पुन्हा गिअरची, पुन्हा डब्याची. या चळतीवर दोन प्रकारे दाब येतो. एक, बशीसारख्या आकाराची स्प्रिंग तिला कायम थोडी दाबून ठेवते. याला प्रीलोड म्हणतात. दोन, इंजिनाचा जोर आला की मधल्या पिनियनचे दांडे दोन प्रेशर रिंगांच्या उतरत्या खाचांत चढायला बघतात, रिंगा एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात आणि चळत आणखी आवळली जाते. जेवढा जोर जास्त, तेवढी पकड जास्त.

ई 30 मध्ये हा एलएसडी 25 टक्क्यांचा असतो. या टक्क्यांचा अर्थ बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटासुलटा असतो, म्हणून सांगतो. मागच्या धुरीवर 100 भाग टॉर्क येत असेल, तर दोन चाकांमधला फरक 25 भागांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे एका चाकाला 62.5, दुसऱ्याला 37.5. चाळीस टक्क्यांचा असेल तर 70 आणि 30. आता यातली खोच बघा. आतलं चाक जमिनीवरून पूर्ण उचललं गेलं तर ते जवळजवळ काहीच टॉर्क पेलत नाही. मग खाचांवर दाब येणार कुठून? अशा वेळी बाहेरच्या चाकाला जे काही मिळतं ते फक्त प्रीलोडमुळे. म्हणून जाड अँटीरोल बार बसवून, स्प्रिंगा कापून ज्यांनी गाडीचं आतलं चाक वळणात हवेत नेऊन ठेवलं आहे, त्यांनी एलएसडीला बोल लावण्याआधी सस्पेन्शनकडे बघावं.

आता आवाजांचं. यावर मी मुद्दाम जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसे इथेच वाया जातात. माझे गेले आहेत. गाडी घेतल्यावर पहिल्याच वर्षी मागून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. एका वर्कशॉपने तो डिफरेन्शियलचा ठरवला आणि अख्खा डबा बदलून दिला. आवाज होता तिथेच राहिला. तो निघाला मागच्या उजव्या चाकाच्या बेअरिंगचा. काढलेला डबा मी सुदैवाने परत मागून घेतला होता. पुढे तो टेबलावर ठेवून तपासला, तर त्यातला एलएसडी उत्तम होता.

तेव्हापासून मी आवाज असे वेगळे करतो. ठरावीक वेगाला बारीक शिट्टीसारखा सूर येतो, पाय दाबला की एक आणि सोडला की दुसरा, तर तो क्राऊन-पिनियनचा किंवा पिनियनच्या बेअरिंगचा. घुमणारा आवाज डावीकडे हलका झोल दिला की वाढतो आणि उजवीकडे दिला की कमी होतो, किंवा उलट, तर चाकाचं बेअरिंग. पाय दाबताना-सोडताना एकच "ठक्" येतो, तर प्रोपेलर शाफ्टच्या पुढचं रबरी कपलिंग, हाफ-शाफ्टचे जॉइंट, डिफरेन्शियलच्या मागच्या आधाराचं रबरी बुश, सबफ्रेमची बुशं, या क्रमाने बघा. ई 30 मध्ये ते मागचं बुश तीस-पस्तीस वर्षांत हमखास फाटलेलं असतं, आणि पहार लावून डबा हलवला की लगेच दिसतं.

एलएसडीचा म्हणून एकच आवाज खरा. पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग फिरवून गाडी हळू वळवताना मागून कुरकुर होते, गाडी झटके खात थरथरते. प्लेट्स सरकण्याऐवजी चिकटत-सुटत असतात. पण हे बहुतेकदा झिजेचं लक्षण नसतं. चुकीचं तेल भरलेलं असतं, घर्षण नरम करणारं अ‍ॅडिटिव्ह त्यात नसतं, किंवा प्लेट्सना वर्षानुवर्षांच्या जुन्या तेलाची चकाकी चढलेली असते. थोडक्यात, झिजलेला गप्प बसतो आणि तेल चुकलेला कुरकुरतो. ज्याची गाडी कुरकुरते त्याचा एलएसडी निदान पकड तरी धरतो आहे.

तपासणीच्या आधी अजून एक खात्री करा: गाडीत एलएसडी आहे का? हा प्रश्न भाबडा वाटेल, पण तीन-चार मालक पाहिलेल्या गाडीत काहीही असू शकतं. बीएमडब्ल्यूच्या मागच्या कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची एक पट्टी असते. तिच्यावर "एस 3.73" असं काही लिहिलं असेल तर एस म्हणजे एलएसडी आणि 3.73 हे गिअरचं गुणोत्तर. चॅसी नंबरवरून मूळ ऑर्डरची यादी मिळवली तर त्यात 209 हा क्रमांक शोधा, तो कारखान्यातून आलेल्या 25 टक्के एलएसडीचा. मात्र यादी फार तर गाडीचा जन्म सांगते, आणि पट्टी तर कुणीही दोन मिनिटांत या डब्यावरून त्या डब्यावर लावू शकतं. मागचं कव्हर उघडायची वेळ आली तर डोळ्यांनीच कळतं: साध्या डिफरेन्शियलच्या खिडकीतून आतले छोटे गिअर दिसतात, एलएसडीचा डबा ड्रमसारखा बंद असतो.

सगळ्यांना ठाऊक असलेली चाचणी म्हणजे दोन्ही मागची चाकं उचलायची, गिअर न्यूट्रलला टाकायचा, आणि एक चाक हाताने फिरवायचं. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर एलएसडी, उलट दिशेने फिरलं तर साधा. ही चाचणी एलएसडी आहे का एवढ्यापुरती बरी, पण तो झिजला आहे का हे सांगायला फार ढोबळ. न्यूट्रलमध्ये प्रोपेलर शाफ्ट मोकळा असतो, त्यामुळे प्रीलोड नावापुरता उरलेला असला तरी दुसरं चाक बरोबर फिरतं आणि मालक खूश होतो. तीच चाचणी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, इंजिन बंद ठेवून करा. आता शाफ्ट अडलेला आहे, त्यामुळे एक चाक फिरवायचं तर दुसऱ्याला उलटं फिरावंच लागेल, आणि मध्ये प्लेट्सची चळत आडवी येणार. चाक एका हाताने सहज फिरलं तर शंका रास्त आहे.

पण "सहज" म्हणजे किती? इथे आकडा लागतो, आणि त्यासाठी परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात एक उत्तम साधन आधीपासून असतं: विमानात बॅग 23 किलोच्या वर जाऊ नये म्हणून घेतलेला लटकवायचा डिजिटल काटा.

वर्कशॉप मॅन्युअलमधली पद्धत अशी की एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं हवेत, गिअर न्यूट्रल, आणि हवेतल्या बाजूच्या हबवर टॉर्क रेंच लावून तो किती जोराने फिरतो ते बघायचं. त्यासाठी हबला दोन व्हील बोल्टनी जाड पट्टी बसवतात आणि पट्टीच्या बरोबर मध्यावर वेल्ड केलेल्या नटावर रेंच लावतात. ज्यांच्याकडे ही पट्टी आहे त्यांनी तीच वापरावी. नसेल तर काट्याने तेच काम होतं. ई 30 वरच्या 195/65 आर 14 टायरचा व्यास सुमारे 61 सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या 30 सेंटिमीटरच्या आसपास. टायरच्या घेरावर एक किलोची ओढ म्हणजे साधारण 3 न्यूटन-मीटर. काट्यावरच्या किलोंना तिनाने गुणलं की झालं. तुमचा टायर वेगळा असेल तर त्रिज्या मीटरमध्ये मोजा आणि तिला 9.8 ने गुणा. मिळेल तो तुमचा गुणक.

आता प्रत्यक्ष. गाडी वीसेक मिनिटं चालवून आणा, म्हणजे आतलं तेल कोमट होईल. थंडगार तेलात आकडा फसवतो. सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून अडणी लावा, जमिनीवर राहणाऱ्या मागच्या चाकालाही लावा, कारण हँडब्रेक सोडलेला असणार आणि गिअरही नसणार. एक बाजू उचला आणि खाली स्टँड द्या. निव्वळ जॅकवर उभ्या गाडीला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. आणि एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच: एलएसडी असलेल्या गाडीचं एकच चाक उचललेलं असताना इंजिन चालू करून गिअर कधीही टाकू नका. जमिनीवरचं चाक गाडीला स्टँडवरून खेचून नेईल. वर्तुळात फिरणारं चाक बघायला खाली वाकलेली माणसं याच चुकीने जखमी होतात.

सामान बांधायचा कापडी पट्टा टायरच्या घेरावर दीड वेढा गुंडाळा आणि टोक काट्याच्या हुकात अडकवा. मग टायरच्या कडेच्या रेषेतच, तिरकं न जाता, शांतपणे ओढा. चाक सुटताना काटा एकदम वर जातो आणि मग जरा उतरून स्थिरावतो. दोन्ही आकडे लिहा: सुटण्याचा आणि फिरत राहण्याचा. तीन वेळा करा. दिशा बदलून करा. दुसरी बाजू उचलून पुन्हा करा. हात सरावला की पहिल्या मोजमापापेक्षा तिसरं जास्त खरं येतं.

ब्रेक घासत असेल तर आकडा फुगतो, हे विसरू नका. ते तपासायला दोन्ही चाकं उचला आणि न्यूट्रलमध्ये एकाला काट्याने ओढा. दोन्ही बरोबर फिरत असतील, तर काटा जे दाखवतो ते ब्रेकचं घासणं आणि शाफ्टचा जडपणा. किलोभर आलं तर दुर्लक्ष करा. चार-पाच किलो आलं तर आधी हँडब्रेकच्या शूजची आणि कॅलिपरची व्यवस्था लावा, मग एलएसडीकडे या.

आलेला आकडा तुमच्याच मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडा. दुसऱ्याच्या पोर्शेचा आकडा आपल्या बीएमडब्ल्यूला लावू नका, कारण प्रीलोड किती ठेवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापल्या हिशेबाने ठरवलेलं असतं. पण एक स्थिती अशी आहे जिथे मॅन्युअल उघडायचीही गरज पडत नाही: एक चाक जमिनीवर असताना आलेला आकडा आणि दोन्ही चाकं उचलून आलेला निव्वळ घासण्याचा आकडा जवळजवळ सारखाच असेल, तर चळतीकडून काहीही प्रतिकार येत नाही आहे. प्रीलोड संपला. ओढताना काटा एकसारखा न राहता झटके देत वर-खाली होत असेल, तर प्लेट्सवर चकाकी किंवा चरे आहेत.

प्रीलोड संपला म्हणजे एलएसडी पूर्ण मेला असं मात्र नाही. उतरत्या खाचा अजूनही जोराबरोबर काम करत असतात. म्हणून काट्यानंतर रस्ता. किंवा रस्ता नव्हे, मोकळं आवार. मालकाची परवानगी घेतलेली, ओली, रिकामी जागा हवी. ई 30 मध्ये चाकं घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था नाही, तेव्हा जे होईल ते तुमच्या पायावर आणि हातांवर. पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने, स्टिअरिंग निम्म्याहून जास्त वळवून गोल फिरा. जाणत्या माणसाला बाहेर सुरक्षित अंतरावर उभं करा आणि आतल्या मागच्या चाकावर नजर ठेवायला सांगा. मग पाय हळूहळू दाबा. एलएसडी शाबूत असेल तर गाडीचं मागचं अंग बाहेर सरकायला बघेल, कारण दोन्ही चाकं जोर लावत आहेत. झिजलेला असेल तर इंजिनाचा आवाज चढेल, आतलं चाक भिरभिरेल, आणि गाडी होती त्याच वर्तुळात मुकाट फिरत राहील. दुसऱ्या दिशेनेही करा. बारीक खडी असलेल्या जागेत तर माणूसही लागत नाही: उतरून खाली बघा, खडीत एक चर खणला गेला आहे की दोन.

ही चाचणी करण्याआधी मागचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे आहेत ना, ते बघा. एक नवा आणि एक गुळगुळीत असेल तर चाचणी फसते, आणि त्याहून वाईट म्हणजे सरळ रस्त्यावरही दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि प्लेट्स दिवसभर एकमेकींवर घासत राहतात. पंक्चर झाल्यावर मागे एकच नवा टायर टाकणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने एलएसडी संपवला आहे, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

वेगळ्या जातीच्या एलएसडींबद्दल थोडक्यात. माझदा एमएक्स-5 च्या सुरुवातीच्या 1.6 लिटर गाड्यांत व्हिस्कस प्रकार मिळायचा. त्यात प्लेट्स एकमेकींना टेकत नाहीत, त्यांच्यामध्ये घट्ट सिलिकॉन द्रव असतो. तो हळू ओढला तर नरम लागतो, झपकन ओढला तर अडतो. काट्याने हळूच ओढून "गेला" म्हणू नका. झपकन ओढूनही अडला नाही तर द्रव थकला आहे, आणि तो सहसा दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. पुढच्या 1.8 लिटर गाड्यांत टॉर्सन आला. तो पूर्ण गिअरांचा, प्लेट्सविना चालणारा. हवेतलं चाक त्यात अगदी साध्या डिफरेन्शियलसारखं फिरू शकतं आणि तरीही तो ठणठणीत असू शकतो, कारण तो एका चाकाच्या टॉर्कला गुणतो आणि शून्याला कितीने गुणलं तरी शून्य. टॉर्सनची परीक्षा रस्त्यावरच. आणि पुण्या-नाशकातले मित्र थारबद्दल विचारतात म्हणून: तिच्यातला मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल चाकांच्या वेगात मोठा फरक पडेपर्यंत मोकळाच असतो आणि मग पूर्ण लॉक होतो. त्याला या लेखातली काट्याची चाचणी लागू नाही.

मोजमाप कमी आलं तरी डबा लगेच खोलू नका. आधी तेल. एक पाना आणि एक संध्याकाळ, एवढ्यात पुष्कळ कळतं. भरण्याचा प्लग आधी सोडवा, मगच खालचा. तीस वर्षं न उघडलेला भरण्याचा प्लग गोल होऊन बसला, आणि खालून तेल सोडून झालेलं आहे, अशा गाड्या लिफ्टवर अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. गाडी चालवून आणल्यावर तेल गरम असताना सोडा, पांढऱ्या भांड्यात घ्या, आणि उजेडात नीट बघा. प्लगच्या मॅग्नेटवर काळसर मलईसारखा बारीक लेप असेल तर तो वयाचा. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण किंवा चकाकणाऱ्या पापड्या निघाल्या तर आत काहीतरी तुटतं आहे. करपलेला वास येत असेल तर प्लेट्स जळल्या आहेत. वापरलेलं तेल गटारात नाही. जर्मनीत तेल विकणाऱ्या दुकानाला जुनं तेल परत घेणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून पावती जपून ठेवा.

नवं तेल जीएल-5 दर्जाचं, तुमच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या घट्टपणाचं, आणि लिमिटेड-स्लिपसाठीचं अ‍ॅडिटिव्ह असलेलं. ई 30 च्या मोठ्या डब्यात 1.7 लिटर बसतं. भरण्याच्या भोकातून ओघळायला लागलं की थांबा. मग रिकाम्या जागेत दोन्ही बाजूंनी हळूहळू इंग्रजी आठाचे फेरे मारा, दहा-पंधरा, आणि पुन्हा मोजा. कुरकुरणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच इथेच बऱ्या होतात. पकड हरवलेल्या गाड्या होत नाहीत, कारण गेलेला धातू तेलाने परत येत नाही.

आता खरोखर खोलायचं असेल तर दोन वाटा. वापरलेला डबा घ्यायचा, किंवा आपलाच नव्याने बांधायचा. वापरलेला घेताना विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. डबा टेबलावर ठेवा, कुणाला तरी पिनियनची फ्लँज घट्ट धरायला सांगा, आणि दोन्ही बाजूंच्या फ्लँज हातांनी विरुद्ध दिशांना पिळा. हातांनी आरामात फिरल्या तर तोही तुमच्यासारखाच झिजलेला आहे.

बांधायचा असेल तर मला वाटतं हे काम पहिल्यांदा तरी अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून करावं. ई 30 च्या डब्यात एलएसडी मागच्या कव्हरच्या जागेतून बाहेर येतो, आणि बाजूच्या कव्हरांखाली शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. क्राऊन-पिनियनमधला खेळ त्यांच्यावर ठरतो. डाव्या बाजूचे शिम डावीकडेच, उजवीचे उजवीकडेच परत गेले पाहिजेत. मी ते दोन वेगळ्या वाट्यांत ठेवतो आणि वाट्यांवर बाजू लिहितो. ते उलटसुलट झाले की एलएसडी नवा पण क्राऊन-पिनियन शिट्टी वाजवणारा, अशी गत होते.

प्लेट्स बाहेर आल्या की एकेक पुसून खिडकीपाशी धरा. निरोगी प्लेट एकसारखी राखाडी, मंद दिसते. झिजलेली आरशासारखी चमकते, वर्तुळात चरे असतात, आणि जळलेल्या जागी निळसर-जांभळे डाग. मग मायक्रोमीटरने जाडी मोजा, एकाच जागी नाही, चार जागी. एलएसडीच्या डब्याच्या आतल्या ज्या खाचांत प्लेट्सचे कान बसतात, तिथे बोट फिरवा. कानांनी पायऱ्या खणलेल्या असतील तर नव्या प्लेट्सही त्या पायऱ्यांवर अडकतील आणि दाबल्या जाणार नाहीत. नव्या प्लेट्स घालूनही पकड न येणाऱ्या डब्यांचं कारण मला दोनदा इथेच सापडलं. बशीच्या स्प्रिंगा सपाट झाल्या असतील तर बदला. दांड्यांवर आणि रिंगांच्या उतरत्या खाचांत खड्डे पडले असतील तर त्या रिंगाही.

प्लेट्स वेगवेगळ्या जाडीत मिळतात. चळतीची एकूण उंची बरोबर जमेल अशा निवडाव्या लागतात. जास्त जाड घालून प्रीलोड वाढवायचा मोह होतो. रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला तो देऊ नका. ओल्या रस्त्यावर दोन्ही मागची चाकं एकदम सुटतील आणि सावरायला क्षण मिळणार नाही. नव्या प्लेट्स बसवण्याआधी रात्रभर त्याच तेलात भिजत ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच वळणावर जळतात.

डबा गाडीत चढवण्याआधी फ्लँजवर टॉर्क रेंच लावून मोजून घ्या, कारण गाडीखाली गेल्यावर चूक कळली तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. मग आठाचे फेरे, दोन्ही दिशांना, हळू, मध्ये मध्ये थांबून डबा थंड होऊ देत. पहिले पाचशे किलोमीटर जोरात धावणं टाळा, आणि त्यानंतर ते तेल काढून नवं भरा. काढलेल्या तेलात यावेळी थोडा लेप दिसेल, प्लेट्स एकमेकींशी बसत असतात.

त्याच दिवशी पुन्हा एकदा एक चाक उचला, पट्टा गुंडाळा, काटा लावा. सुटण्याचा आकडा, फिरत राहण्याचा आकडा, टायरचं माप, तारीख आणि किलोमीटर गाडीच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तेल बघाल तेव्हा ताडून बघायला हाच आकडा लागणार आहे, आणि तो दुसऱ्या कुणाकडेही नसतो.